मेरीचा माणूस

मागच्या सोमवारपासून माझ्या उजव्या हाताच्या तीन नखांत फ्रान्सची माती अडकली आहे. ब्रशने घासली, लिंबू चोळलं, बायकोच्या हेअरपिनने कोरली, निघत नाही. तिकडची जमीन ग्रॅनाइटची, त्यामुळे कच बारीक आणि चिवट. मुलगी म्हणते, "राहू दे ना बाबा, आठवण म्हणून." लोक फ्रान्सहून आठवण म्हणून आयफेल टॉवरची की-चेन नेतात. मी एका परक्या माणसाच्या कबरीवरची माती नेणार, तीही कस्टमला न सांगता.

मला खरं तर फक्त शांतपणे सायकल चालवायची होती.

मुलगी लिमोझला असते, सिरॅमिकवर काहीतरी संशोधन करते. काय ते मला दर वर्षी समजावून सांगते आणि मी दर वर्षी मान डोलावतो. बायको तिथल्या पोर्सेलीनच्या दुकानांत रमते. एका बशीची किंमत ऐकून मी ती बशी दोन्ही हातांनी, श्वास रोखून खाली ठेवली, तेव्हापासून मला दुकानात नेत नाहीत. म्हणजे दिवस मोकळा. पुण्यात मी सकाळी सहाला सायकल काढतो, कारण सातनंतर काढली तर घरचे विमा विचारतात. आमच्याकडे शांत रस्ता म्हणजे ज्याचं काम चालू आहे तो. मी काही पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसवाला गडी नव्हे. १२०० किलोमीटर ९० तासांत मारायला दर चार वर्षांनी भारतातून शेकडो जण फ्रान्सला येतात, आमच्या ग्रुपमधलेही दोघं जाऊन आलेत, आणि त्यांच्यासमोर 'परवा पानशेतला जाऊन आलो' हे वाक्य माझ्या घशातच राहतं. मला साठ-सत्तर किलोमीटर, सावली, आणि मागून हॉर्न नाही, एवढंच हवं होतं.

मुलीच्या ऑफिसातल्या एका सायकलवेड्याने मिशेलिनचा कागदी नकाशा दिला आणि मंत्र सांगितला. लाल रस्ता दिसला की मागे फिर. पिवळा अगदीच नाइलाज असेल तर. पांढरा तो आपला. ज्या रस्त्याच्या नावात 'डी'पुढे तीन आकडे, त्यावर डोळे मिटून जा. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर देखावा फुकट. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. पांढऱ्या रस्त्यांवर मधूनमधून छोटे बाण काढलेले होते, त्यांचं काय ते विचारायचं राहिलं. मला वाटलं, या दिशेने जावं असं कंपनीचं म्हणणं असेल. शंभर वर्षांहून जास्त काळ नकाशे छापणारी कंपनी आहे, उगाच बाण काढणार नाही. म्हणून मी सगळा मार्ग बाणांच्या दिशेने आखला. बाण चढाच्या दिशेने काढतात. एक बाण म्हणजे पाच टक्क्यांच्या वरचा चढ, दोन म्हणजे नऊच्या वरचा, तीन म्हणजे तेराच्या वरचा. माझ्या मार्गात दोनदा दोन बाण होते आणि मी त्यांना जास्त चांगला रस्ता समजलो होतो.

निघताना मुलीने पिवळं जाकीट पुढे केलं. इथे गावाबाहेर रात्री किंवा अंधूक उजेडात सायकलवाल्याने चकाकणारं जाकीट घालायचं असा नियम आहे. मी म्हटलं, जूनमध्ये साडेनऊपर्यंत ऊन असतं, मला कशाला? "बाबा, घाल." या 'घाल'मध्ये तिच्या आईचा आवाज होता. घातलं. फ्लुरोसंट पिवळं, छातीवर आणि पाठीवर चंदेरी पट्टे. आरशात पाहिलं नाही.

लिमोझहून एमूतिएला जाणारी छोटी गाडी वाटेत सँ-लेओनार-द-नोब्ला इथे थांबते. हे सायकलपटू रेमों पुलिदोरचं गाव. जन्म शेजारच्या क्रझ जिल्ह्यातला, १९३६ सालचा, पण राहिला इथे आणि २०१९मध्ये गेलाही इथेच. तूर द फ्रान्समध्ये तीनदा दुसरा, पाचदा तिसरा. शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी मात्र एक दिवससुद्धा अंगाला लागली नाही. आणि फ्रेंचांनी जीव टाकला तो त्याच्यावर, जिंकणाऱ्यांवर नाही. पुढे २०२१मध्ये त्याच्या नातवाने, मातिउ व्हॅन डेर पूलने, ती जर्सी घातली तेव्हा आजोबा बघायला नव्हते. हे सगळं मला पाठ आहे, कारण सायकल कमी चालवणाऱ्याला सायकलींचा इतिहास फार येतो. स्टेशनाकडे बघत मी मनात म्हटलं, पुलिदोरसाहेब, तुम्हाला जन्मभर मिळालं नाही ते पिवळं मी मुलीच्या हट्टापायी फुकट घालून चाललोय.

ही मस्ती नडली.

एमूतिएपासून चढ. झाडी दाट, रस्ता गुळगुळीत, खड्डा शोधून सापडत नाही. आणि इतकी शांतता की स्वतःची चेन ऐकू येते आणि तिला तेल नाही हे कळतं. अर्ध्या तासाने मागे वळून पाहिलं तर एक पांढरी व्हॅन. हॉर्न नाही, इंजिनाची घरघर नाही, नुसती मागून येतेय. पुण्यात मागचा हॉर्न वाजवत नसेल तर तो एक तर ओळखीचा असतो किंवा त्याचे ब्रेक गेलेले असतात. मी कडेला सरकलो, व्हॅनही हळू झाली. मी थांबलो, व्हॅन थांबली. मला घाम फुटला. शेवटी वळण संपलं, समोरचा रस्ता मोकळा दिसला, तेव्हा ती पार पलीकडच्या बाजूने वळसा घालून गेली आणि आतल्या शेतकऱ्याने बोटं उंचावून नमस्कार केला. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा त्यांचा नियम आहे. नियम असतो हे समजण्यासारखं आहे. तो पाळतात याने माणूस घाबरतो.

या पठाराचं नाव मिलव्हाश. 'मिल' म्हणजे हजार, 'व्हाश' म्हणजे गायी. मी मोजल्या, एकेचाळीस भरल्या, सगळ्या तांबूस, सगळ्या माझ्याकडे बघणाऱ्या. माणसं त्याहून कमी दिसली. क्रझ जिल्ह्यात चौरस किलोमीटरला वीसेक माणसं राहतात. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सणासुदीला याहून जास्त असतात. इथले पुरुष पूर्वी गवंडीकामाला चालत पॅरिसला जायचे, वर्षातले आठ-नऊ महिने तिकडेच. पॅरिसच्या कितीतरी इमारती क्रझच्या गवंड्यांनी उभ्या केल्या. मग काही जण परत यायचेच राहिले. बंद खिडक्यांची ती दगडी घरं, अंगणात गुडघाभर गवत, दाराला कुलूप. मला थेट राजापूरकडचं आमचं आजोळ आठवलं. फरक इतकाच की आमच्याकडे गणपतीत कुलूप निघतं, इथे ऑगस्टच्या सुट्टीत.

पुढे एका गावाचं नाव फो-ला-मोंतान्य. 'फो' या शब्दाचा नेहमीचा अर्थ खोटा. नावाचा उगम काही असो, मी मनाशी 'खोटा डोंगर' असं म्हणत तिथवर चढलो आणि डोंगर अस्सल निघाला. त्यांच्याकडे सायकलवाल्यांचा एक शब्द आहे, 'फो प्ला'. खोटा सपाट. डोळ्याला सपाट दिसतो पण मांड्यांना चढ लागतो असा रस्ता. मराठीत याला शब्द नाही, कारण आपल्याकडे चढ सांगून येतो. मग झाँत्यू. तिथलं पहिल्या महायुद्धाचं स्मारक पाहायचं ठरवूनच आलो होतो. फ्रान्समध्ये गावागणिक असं स्मारक आहे, बहुतेक ठिकाणी शूर सैनिक, ध्वज, 'देशासाठी'. इथे १९२२मध्ये गावकऱ्यांनी उभा केला तो एक पोरका मुलगा. शाळेचा डगला, हातात टोपी, आणि मूठ वळलेली, समोरच्या नावांच्या यादीकडे. खाली लिहिलंय, 'धिक्कार असो युद्धाचा'. सरकारी साहेब उद्घाटनाला आले नाहीत. मी सायकल भिंतीला टेकवून बराच वेळ उभा राहिलो. हसण्यासारखं तिथे काही नाही, पण गेलो होतो तर सांगितलं.

दुपारचे बारा. आणि इथून पुढे माझं सगळं चुकत गेलं. सोमवार, म्हणजे खेड्यातली बेकरी बंद. बारा ते दोन, म्हणजे बाकीचंही सगळं बंद. एका गावात पावाचं यंत्र सापडलं, एटीएमसारखं. नाणी टाकली की खालून 'बागेत' नावाचा लांबलचक पाव बाहेर येतो. त्याच्याशी मी डब्यातली लसणाची चटणी खाल्ली. जगात लसणाच्या चटणीसाठीच बनवलेला पाव फ्रेंच लोक गेली कित्येक वर्षं चीजबरोबर फुकट घालवतायत. पण चटणीने तहान लागली, आणि दोन्ही बाटल्या रिकाम्या.

त्यात समोर बोर्ड. 'रूत बारे.' रस्ता बंद. नकाशावाल्याने सांगून ठेवलं होतं, हा बोर्ड मोटारींसाठी असतो, सायकल कुठूनही निघते. गेलो. दोन किलोमीटरवर रस्ता आडवा खणलेला, शेजारी पिवळं यंत्र, माणूस एकही नाही. जेवायला गेलेले. मी सायकल खांद्यावर घेऊन खड्ड्याच्या कडेने पलीकडे गेलो आणि क्षणभर पुण्यात असल्यासारखं बरं वाटलं.

मंत्रातलं शेवटचं कलम होतं, पाणी संपलं की गावची दफनभूमी शोध. तिथे फुलांना घालायला नळ असतोच. हे ऐकलं तेव्हाच मला आमची आई आठवली होती. स्मशानातून आलं की बाहेरच्या मोरीत आंघोळ केल्याशिवाय ती उंबरा ओलांडू द्यायची नाही, आणि मी स्मशानातलं पाणी बाटलीत भरून पिणार होतो. पण तहानेला सोवळं नसतं.

गाव म्हणजे एक चर्च, एक चौक, बारा-पंधरा घरं. माणूस नाही, पण कोंबडा आरवत होता. दुपारी दोनला. इथे कोंबड्याला कुणी काही बोलू शकत नाही. ओलेराँ बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीला येणाऱ्या शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, २०१९मध्ये कोर्टाने निकाल कोंबड्याच्या बाजूने दिला, आणि जानेवारी २०२१मध्ये खेड्यातले आवाज आणि वास जपण्याचा कायदाच झाला. आमच्याकडे असा कायदा आला तर पहिला अर्ज डीजेवाले करतील. असो. दफनभूमीचं लोखंडी फाटक उघडं होतं, आत नळ दिसत होता, नळाशेजारी हिरव्या झाऱ्या टांगलेल्या होत्या. मी दोन्ही बाटल्या हातात घेऊन आत शिरलो.

आणि आजीबाई दिसल्या.

ऐंशीच्या पुढच्या. निळ्या फुलाफुलांचा बिनबाह्यांचा झगा, पायात रबरी चपला, एका हातात लहान खुरपं, दुसरा कमरेवर. मी मुलीने घोटून घेतल्याप्रमाणे खणखणीत म्हटलं, "बोंजूर मादाम!" फ्रान्समध्ये आधी बोंजूर म्हणायचं, मग प्राण सोडायचा.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा वर आल्या. छातीवर थांबल्या.

"आँफँ!" म्हणाल्या. म्हणजे, आलात एकदाचे.

माझं फ्रेंच हे पुण्यात शनिवारच्या बॅचला शिकलेलं. मी कॉफी मागू शकतो, माझ्या मावशीचा व्यवसाय सांगू शकतो आणि 'ग्रंथालय कुठे आहे' विचारू शकतो. पाण्याचं वाक्य मी बाहेरच जुळवून आणलं होतं, पण ते बोलायची पाळीच आली नाही. आजीबाई सुरू झाल्या. त्या प्रवाहातून माझ्या हाताला तीनच शब्द लागत होते. एक 'जदी', म्हणजे गुरुवार. दुसरा 'लंदी', म्हणजे सोमवार. आणि तिसरा पुन्हा पुन्हा, दात खाऊन उच्चारलेला: मेरी. ला मेरी. मेरीला तीनदा सांगितलं. मेरी म्हणते गुरुवारी. कुठला गुरुवार ते मेरी सांगत नाही.

माझ्या डोक्यात चित्र स्वच्छ उभं राहिलं. ही मेरी म्हणजे मुलगी. किंवा सून. लिमोझला नाहीतर पॅरिसला राहणारी, गुरुवारी येते म्हणणारी आणि न येणारी. म्हातारी एकटी, नवऱ्याच्या कबरीभोवती हे एवढं गवत माजलेलं, वाकवत नाही. मी कळवळून मान हलवली आणि म्हटलं, "आ, मेरी… नों, नों." मेरीने असं करायला नको होतं, या अर्थाने.

आजीबाईंचा चेहरा उजळला. गावात मेरीविरुद्ध बोलणारा दुसरा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी माझ्या हातातल्या बाटल्या काढून घेतल्या, बाजूच्या कबरीवर ठेवल्या आणि हातात खुरपं दिलं.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? पंधरा मिनिटांचं काम. आपल्याकडे म्हातारीने पिशवी पुढे केली की आपण ती धरतो. शिवाय मनात एक गोड विचार, खोटं कशाला बोलू, की बघा, पोटची पोर येत नाही आणि सात हजार किलोमीटरवरून आलेला परका माणूस गवत काढतोय. संध्याकाळी मुलीला सांगताना कसं वाटेल याचीही मी थोडी तयारी केली. गुडघे टेकले आणि खुरपायला लागलो.

आजीबाई घडीचं स्टूल उघडून सावलीत बसल्या. मी पहिलं झाड उपटून बाजूला टाकलं. "आ नों, नों, नों!" त्यांनी ते उचललं, माझ्या नाकासमोर धरलं. "ला रासीन!" मूळ. मूळ तुटून आत राहिलं होतं. मी पुन्हा खणलं. ते डँडेलियन होतं, ज्याचं फ्रेंच नाव शब्दशः 'अंथरूण ओलं करणारं' असं आहे, आणि त्याचं मूळ वीतभर सरळ खाली जातं. मूळ वर आल्यावर आजीबाईंनी ते हाताने मोजलं. पुढचं. पुढचं. एकदा मी दगडाच्या फटीतलं एक रोप मुद्दाम सोडलं, त्यांनी स्टुलावरून न उठता खुणेने दाखवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असणार. इतकी बारीक नजर मी आमच्या सोसायटीच्या ऑडिटमध्येही पाहिलेली नाही.

मध्ये मध्ये त्या माहिती पुरवत होत्या. नवऱ्याच्या नावावर बोट ठेवून, दोन्ही पंजे तीनदा उघडून, 'त्राँत आँ'. तीस वर्षं. मला वाटलं, गेल्याला तीस वर्षं झाली. मुलीने नंतर सांगितलं की तो भाडेकरार. तिथे कबरीची जागा १५, ३०, ५० वर्षांच्या करारावर घेता येते, किंवा कायमची. मुदत संपली आणि नूतनीकरण केलं नाही तर जागा परत गावाची. आमच्याकडे जिवंत माणसाला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, वर पोलीस पडताळणी. तिथे मेलेल्याला तीस वर्षं. मी काही बोललो नसतो, पण हे ऐकल्यापासून अकरा महिने फार कमी वाटतात.

पंधरा मिनिटं झाली. नवऱ्याची कबर लख्ख झाली. मी उठलो, पाठ सरळ केली, बाटल्यांकडे हात नेला. आजीबाईंनी शेजारच्या कबरीकडे बोट केलं.

मला वाटलं, दीर असेल. केली. मग तिसरी. आडनाव वेगळं. माहेरचे असतील. चौथीवर आडनाव तिसरंच, आणि वर्ष १९११. इथे मला पहिल्यांदा शंका आली की मेरीवर फारच लोकांची जबाबदारी आहे. तरी खुरपत राहिलो, कारण खुरपणं हे असं काम आहे की एकदा हात बसला की डोकं बंद होतं. पाचव्या कबरीवर आजीबाईंनी समाधानाने मान डोलावली, आधीचा माणूस नुसतं यंत्र फिरवून जायचा असं काहीसं म्हणाल्या, आणि विचारलं, उद्या किती वाजता?

'दमँ.' उद्या. हा शब्द मला येतो.

मी खुरपं खाली ठेवलं. मनातल्या मनात जुळवलं आणि म्हटलं, मादाम, उद्या नाही. मी सुट्टीवर. तूरिस्त. अँद. इंडिया. आणि फाटकाबाहेरच्या सायकलकडे बोट केलं, "व्हेलो."

त्या सायकलकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. "म्हणजे तुम्ही मेरीचे नव्हे?"

आता मात्र माझाही तोल गेला. अर्धा-पाऊण तास मी या बाईसाठी घाम गाळतोय. "मी मेरीला ओळखत नाही," मी म्हटलं, "कोण ही मेरी?"

आजीबाईंनी खुरपं उचललं आणि चौकापलीकडच्या इमारतीकडे रोखलं. दुमजली, दगडी, वर तिरंगा. दारावर कोरलेली अक्षरं. ती अक्षरं सकाळपासून प्रत्येक गावात पाहत आलो होतो आणि मनात 'मायरी' असं वाचत आलो होतो, कारण आमच्या शनिवारच्या बाईंनी ग्रंथालय शिकवलं, ग्रामपंचायत शिकवली नाही. एम, ए, आय, आर, आय, ई. मेरी. गावचं पालिका कार्यालय. खाली पाटी, मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते पाच.

दफनभूमीत तणनाशक मारायला फ्रान्समध्ये १ जुलै २०२२पासून बंदी आहे. तेव्हापासून हाताने काढावं लागतं, आणि हात मिळत नाहीत. म्हातारे लोक कार्यालयात जाऊन भांडतात, कार्यालय गुरुवारी माणूस पाठवतो म्हणतं. आणि सोमवारी भरदुपारी पिवळं जाकीट घातलेला, मोठ्याने बोंजूर म्हणणारा, मेरीला नावं ठेवणारा एक माणूस फाटकातून आत येतो.

माझी अपेक्षा काय होती? निदान 'पार्दों'. तोंडावर हात जाईल, गाल लाल होतील, घरी चला कॉफीला. आजीबाई म्हणाल्या, "फाले ल दीर!" मग सांगायचं होतंत ना!

सांगायचं होतंत. मी.

बरं, हे म्हणताना त्यांचं बोट हवेत एकदा गोल फिरलं, 'हे असं असल्यावर मला काय वाटणार' या अर्थाने. ते बोट जाकिटाभोवती फिरलं की जाकिटाच्या वर जे होतं त्याभोवती, हे मी तेव्हापासून रोज ठरवतोय. सकाळी एमूतिएच्या स्टेशनवर एक डच जोडपं होतं, त्यांच्याही अंगात असलीच पिवळी जाकिटं. कॉफीवाला त्यांना टायरची हवा आणि आजचं ऊन याबद्दल विचारत होता. ती दोघं या फाटकातून आत आली असती तर त्यांच्या हातात खुरपं आलं असतं का? मुलगी म्हणते, "बाबा, जाकीटच असणार, तू जास्त विचार करतोस." जावयाने मात्र काही म्हटलं नाही. तो इथे नऊ वर्षं आहे.

आणि नेमकं तेव्हा, हे तेव्हाच आठवायची काही एक गरज नव्हती, मला मागच्या दिवाळीतला एक तरुण आठवला. आमच्या लिफ्टपाशी हातात खोका घेऊन उभा होता, लाल टीशर्ट. मी न थांबता म्हटलं होतं, पार्सल वॉचमनकडे ठेव. तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकत घेतलेला डॉक्टर होता. त्याने तसं सांगितल्यावर मी काय म्हणालो होतो तेही आठवलं. तेच. जवळजवळ शब्दशः.

मी काही न बोलता बाटल्या उचलून नळाकडे गेलो. पहिली अर्धी भरली तोच मागून ओरडणं. आजीबाई रबरी चपलांनी शक्य तितक्या वेगाने येत होत्या. त्यांनी टांगलेल्या झाऱ्या बाजूला सारल्या. मागे निळी पाटी, नळाच्या चित्रावर तांबडी काट. पिण्यासाठी नाही.

मी त्या पाटीकडे बघितलं. आजीबाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्या फाटकाबाहेरच्या आपल्या गाडीकडे गेल्या आणि पाण्याची अर्धी बाटली घेऊन आल्या. बुडबुड्यांचं, खारट, आणि उन्हात तापलेलं. गरम इनो पिल्यासारखं लागलं. मी सगळं प्यालो. रिकामी बाटली परत घेताना त्यांनी रांगेच्या टोकाकडे नजर टाकली आणि नुसतं म्हणाल्या, "दोन राहिल्यात."

त्या दोन मी का केल्या ते कृपा करून कुणी विचारू नका. घरी विचारून झालंय.

परतीला तोच बंद रस्ता. खड्ड्यापाशी आता चार कामगार होते, चौघांच्या अंगात माझंच जाकीट. त्यांनी मला सायकल उचलून पलीकडे द्यायला मदत केली, एकाने खांद्यावर थाप मारली. पुढे दोन किलोमीटरवर, 'रूत बारे'च्या बोर्डापाशी, दम खायला टेकलो. नखं बघत होतो. तेवढ्यात एक मोटार येऊन थांबली. काच खाली झाली. आतल्या गृहस्थांनी बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घाईघाईत काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळायला फ्रेंच लागत नाही. कधी सुरू होणार?

मी बोर्डावरून हात फिरवला. मागे खड्ड्याच्या दिशेने बघितलं. थोडा विचार केल्यासारखं केलं.

"जदी," मी म्हटलं.

"आ, जदी," ते म्हणाले, मान डोलावली, गाडी वळवली आणि निघून गेले.